बोलण्यावरचा सारा

गावच्या चावडीवर पूर्वी शेतसारा वसूल होत असे. जमिनीवर आणि पिकावर सरकारचा हात पडे. परंतु चावडीवर बसून माणसे जे बोलत, त्या बोलण्यावर सारा बसवावा, अशी कल्पना कोणत्याही पाटलाला कधी सुचली नाही. ती सुचण्यासाठी एकविसाव्या शतकातील भांडवलशाहीला अवतार घ्यावा लागला. आज सार्वजनिक चर्चेची बहुतेक सर्व ठिकाणे मूठभर कंपन्यांच्या मालकीची आहेत. जागा आमची म्हणजे जागेवरचे बोलणेही आमचेच, असा या कंपन्यांचा व्यवहार आहे.

जुन्या चावडीचे गुणगान करण्याचे कारण नाही. तिच्या पायरीवर चढण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. दलितांना बाहेर उभे राहावे लागे आणि स्त्रियांना तर बाहेरही उभे राहता येत नसे. नव्या चावडीवर निदान त्यांचा आवाज उमटला, हे मान्य केलेच पाहिजे. थकलेल्या मानधनाबद्दल आशा स्वयंसेविका तेथे लिहिते, उचल आणि मुकादम यांच्या कचाट्याबद्दल ऊसतोड मजूर लिहितो, वसतिगृहातील जातीय अपमानाबद्दल विद्यार्थी लिहितो. या लिखाणाला कोणी साहित्य म्हणत नाही. परंतु पुढील काळात या वर्षांचा खरा इतिहास लिहिला जाईल, तेव्हा त्याचे मोठे साधन हेच लिखाण असेल. म्हणूनच ते कोणाचे, ते कोणी कोठे पुन्हा छापावे आणि कोणत्या अटीवर, हा प्रश्न केवळ वकिलांवर सोपवून चालणार नाही.

समजा, एखाद्या कार्यकर्त्याने मानधनाच्या प्रश्नावरील अशा दहा-बारा नोंदी एकत्र करून सोळा पानांची पुस्तिका काढली आणि मोर्चात ती पाच रुपयांना विकली. लगेच तीन तऱ्हेची माणसे पुढे येतील. जागेचा मालक म्हणेल, 'माझ्या परवानगीशिवाय येथून काही नेता येणार नाही.' ज्याच्या कारभाराचे वाभाडे त्या पुस्तिकेत निघाले असतील, तो आपल्या खुलाशातील चार ओळी तिच्यात शोधून काढील आणि म्हणेल, 'माझ्या स्वामित्वहक्काचा भंग झाला, पुस्तिका मागे घ्या.' तिसरा कार्यकर्त्याचाच सहकारी असेल आणि तो म्हणेल, 'उघड्यावर लिहिलेले सर्वांचेच. विचारायचे कशाला?' ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. सार्वजनिक ठिकाणी उच्चारलेला शब्द उच्चारणाऱ्याचा असतो. त्यावर टीका करण्याचा, त्यातील आवश्यक तेवढा भाग उद्धृत करण्याचा आणि त्याची बातमी देण्याचा अधिकार समाजाचा असतो. ज्या जागेवर तो उच्चारला गेला, त्या जागेच्या मालकाचा त्यावर कोणताही हक्क असू नये. या तीन गोष्टींची गल्लत करण्यात कोणाचा लाभ आहे, हे पाहिले की वादाचे खरे स्वरूप उघड होते.

हा वाद नवा नाही. १७४१ मध्ये इंग्लंडात अलेक्झांडर पोप या कवीने एडमंड कर्ल या पुस्तकविक्रेत्याविरुद्ध दाद मागितली होती. पोपची खाजगी पत्रे कर्लने परस्पर छापून विकली होती. पत्र ज्याला पाठवले त्याला ते भेट म्हणून दिले गेले, म्हणून लेखकाचा त्यावर हक्क उरला नाही, असा कर्लचा बचाव होता. लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनी तो अमान्य केला. कागद पत्र घेणाऱ्याचा झाला असेल, पण त्यावरील मजकूर छापण्याचा परवाना त्याला मिळत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडातील सरंजामी न्यायालयाला कागद आणि मजकूर यांतील जो फरक कळला, तो आजच्या प्रगत कंपन्यांना कळत नाही असे नाही. तो न कळण्यातच त्यांचा नफा आहे.

भारतातील १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. स्वामित्वहक्क मिळण्यासाठी कोठे अर्ज करावा लागत नाही की नोंदणी करावी लागत नाही. स्वतःच्या बुद्धीने काही लिहिले की हक्क निर्माण होतो. त्यासाठी लेखक नामवंत असण्याची अट नाही. अगदी त्रोटक वाक्ये सोडली, तर आशा स्वयंसेविकेने लिहिलेली दीड पानी कैफियतही कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृतीच आहे. तिच्यावरील हक्क तिच्या हयातीत आणि तिच्या पश्चात साठ वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती, ती १९९२ च्या दुरुस्तीने वाढली. कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे आपले लेखकपद सांगण्याचा आणि आपल्या लिखाणाची बदनामीकारक मोडतोड थांबवण्याचा अधिकार लेखकाने हक्क विकल्यानंतरही त्याच्याजवळ राहतो.

परंतु याच कायद्याने समाजालाही काही अधिकार राखून ठेवले आहेत. कलम ५२ मध्ये खाजगी वापर व संशोधन, टीका वा समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी केलेला उचित वापर हक्कभंग मानलेला नाही. एवढेच नव्हे, चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक वा धार्मिक विषयावरील लेख दुसऱ्या नियतकालिकाने पुनर्मुद्रित करण्यासही या कलमाची मुभा आहे, मात्र लेखकाने तो हक्क स्पष्ट शब्दांत राखून ठेवलेला नसावा. लोकशाहीत राजकीय मजकूर हातोहात फिरला पाहिजे, हे तत्त्व कायदा करणाऱ्यांना मान्य होते. कार्यकर्त्यांपैकी कितीजणांनी हे कलम वाचले आहे? ज्यांच्या हाती कायदेशीर नोटिसा काढणारी कार्यालये आहेत, त्यांनी ते वाचलेले असते आणि समोरच्याने वाचलेले नसेल, या भरवशावर ते नोटीस धाडतात.

टीकेसाठी दुसऱ्याचे शब्द घेण्याचा अधिकार किती व्यापक असू शकतो, हे केरळमधील एका खटल्यावरून दिसते. तोप्पिल भासी यांचे 'निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की' हे नाटक १९५२ पासून गाजले. कम्युनिस्ट पक्षाच्या प्रसारात त्याचा वाटा मोठा होता. पुढे सिव्हिक चंद्रन यांनी त्याचे प्रतिनाटक लिहिले. चळवळीने दलितांना आणि भूमिहीनांना नेमके काय दिले, असा जाब त्यात विचारलेला होता आणि त्यासाठी मूळ नाटकातील पात्रे व संवाद उचललेले होते. भासी यांच्या वारसांनी न्यायालयात धाव घेतली. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेला कौल प्रतिनाटकाच्या बाजूने होता. घेतलेल्या मजकुराचे प्रमाण व मोल टीकेच्या मानाने किती, तो कोणत्या हेतूने घेतला आणि त्यामुळे मूळ कृतीच्या बाजारात स्पर्धा उभी राहते काय, या तीन कसोट्या न्यायालयाने लावल्या. डाव्या चळवळीने हा खटला लक्षात ठेवणे इष्ट आहे. कारण त्यात ज्याच्या शब्दांना जाब विचारला गेला, ते नाटक चळवळीचेच होते. उचित वापराचा अधिकार फक्त विरोधकांचे शब्द घेण्यापुरता मागता येत नाही. तो स्वतःविरुद्धही मान्य करावा लागतो.

ज्ञानप्रसाराच्या बाजूने असाच एक निर्णय दिल्लीत झाला. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बलाढ्य प्रकाशनसंस्थांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील एका छोट्या झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. महागड्या पुस्तकांतील नेमलेल्या प्रकरणांच्या प्रती काढून हे दुकान विद्यार्थ्यांना माफक दरात देत असे. विद्यार्थ्यांची संघटना खटल्यात उतरली. ज्यांच्या हितासाठी हा दावा असल्याचे सांगितले जात होते, त्या लेखकांपैकी अनेकांनीच, अमर्त्य सेन यांच्यासह, दाव्याबद्दल नापसंती कळवली. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. स्वामित्वहक्क हा दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नाही, समाजाच्या बौद्धिक समृद्धीसाठी कायद्याने तो निर्माण केला आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात खंडपीठाने हे तत्त्व मुख्यतः उचलून धरले, आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली.

या दोन निर्णयांनंतर सामान्य कार्यकर्त्याने निर्धास्त व्हावे, अशी स्थिती मात्र नाही. न्यायालयापर्यंत पोहोचण्याची ताकद ज्याच्याजवळ आहे, त्यालाच हा न्याय मिळतो. बाकीच्यांचा निकाल त्याआधीच लागून गेलेला असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०१३ च्या नियमांनुसार हक्कभंगाची तक्रार आली की मध्यस्थ कंपनीने छत्तीस तासांत मजकुराची वाट बंद करावी, अशी तरतूद आहे. एकवीस दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मजकूर पुन्हा खुला करता येतो. कागदावर ही व्यवस्था समतोल वाटते. परंतु आंदोलनाच्या काळात एकवीस दिवस म्हणजे काय, हे आंदोलन केलेल्या माणसालाच विचारावे. अधिवेशनावरचा मोर्चा, मतदानाचा दिवस, संपाची वाटाघाट हे सारे एकवीस दिवसांत उरकून जाते. त्यानंतर खुला झालेला मजकूर म्हणजे लग्न आटोपल्यावर आलेले वऱ्हाड. धनिकाला खटला जिंकण्याची गरजच नसते. त्याला तेवढे दिवस गप्प बसवता आले, की काम झाले. खोट्या धमक्यांविरुद्ध दाद मागण्याची सोय कलम ६० मध्ये आहे खरी, पण पाच रुपयांची पुस्तिका काढणाऱ्याने दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी, असे म्हणणे हा निव्वळ उपहास आहे.

झेरॉक्सच्या दुकानाला आणि पुस्तिकेला एका बाजूला हा धाक दाखवला जात असताना दुसऱ्या बाजूला काय चालू आहे? 'रेडिट' या अमेरिकी कंपनीचे उदाहरण घ्यावे. २००५ मध्ये सुरू झालेल्या या चर्चापीठावर लक्षावधी माणसे प्रश्न विचारतात, उत्तरे देतात, वाद घालतात. तेथील चर्चांची निगा राखण्याचे, शिवीगाळ दूर करण्याचे काम स्वयंसेवक विनावेतन करतात. लिखाणाची मालकी लिहिणाऱ्याचीच, असे कंपनीचा करारनामा सांगतो. परंतु त्याच करारनाम्यात हे लिखाण वापरण्याचा आणि दुसऱ्यांना वापरू देण्याचा कायमस्वरूपी, परत न घेता येणारा, विनामूल्य परवाना लिहिणाऱ्याकडून कंपनी लिहून घेते. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर ठेवायचा आणि पीक मात्र सावकाराने न्यायचे, ही रीत महाराष्ट्राला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

हे पीक किती किमतीला गेले, त्याचा आकडाही कंपनीनेच दिला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये भागविक्रीसाठी दाखल केलेल्या कागदपत्रांत तिने सांगितले, की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासारख्या कामांसाठी हा मजकूर इतर कंपन्यांना वापरू देण्याचे तिचे करार एकूण २० कोटी ३० लाख डॉलरचे आहेत, आणि त्यांची मुदत दोन ते तीन वर्षांची आहे. लिहिणाऱ्यांना यातील एक पैसाही देणे करारनाम्याप्रमाणे तिच्यावर बंधनकारक नाही. जून २०२३ मध्ये, या मजकुरापर्यंत पोहोचण्यासाठी कंपनीने जबर शुल्क लावले, तेव्हा हजारो चर्चामंडळांच्या स्वयंसेवकांनी आपापली मंडळे बंद ठेवून निषेध केला होता. तो एक प्रकारचा संपच होता, परंतु संघटनेवाचून केलेला संप जसा ओसरतो तसा तो ओसरला.

पुढचा प्रसंग तर अधिक बोलका आहे. जून २०२५ मध्ये याच कंपनीने ॲन्थ्रॉपिक या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील कंपनीवर, परवानगीवाचून मजकूर उचलल्याचा आरोप करून दावा लावला. आरोप करारभंगाचा होता, गैरलाभाचा होता, अनुचित स्पर्धेचा होता. स्वामित्वहक्काच्या भंगाचा मात्र नव्हता. तसा तो असणेही शक्य नव्हते, कारण त्या शब्दांचे मालक कंपनीच्याच करारनाम्याप्रमाणे दुसरे होते. शब्द ज्यांचे, ते या दाव्यात वादीही नाहीत आणि प्रतिवादीही नाहीत. दोन धनको एका शेतावर भांडत आहेत आणि शेतकरी बांधावर उभा आहे.

पुस्तकांच्या लेखकांनी संघटित लढा दिला, तेव्हा निदान काही पदरात पडले. ॲन्थ्रॉपिकने चोरट्या संग्रहांतून पुस्तके उतरवून घेतल्याबद्दलच्या खटल्यात २०२५ मध्ये सुमारे दीड अब्ज डॉलरची तडजोड झाली. दर पुस्तकामागे अंदाजे तीन हजार डॉलर, असा तिचा हिशेब होता. परंतु अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात विहित मुदतीत नोंद झालेली पुस्तकेच तिच्यात बसत होती. नोंद नसलेल्याला त्यातून काहीच मिळणार नव्हते. सार्वजनिक चर्चेत सुटी-सुटी पाने लिहिणारा माणूस अशी नोंद करीत नाही. श्रमाच्या बाजारात संघटित आणि असंघटित असा जो भेद आहे, तोच आता शब्दांच्या बाजारातही पडला आहे. जवळ ना हजेरीपत्रक, ना युनियन, असा हा असंघटित लेखक आहे.

भारतातही हा प्रश्न दाराशी आला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने एक कार्यपत्र प्रसिद्ध केले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी कायदेशीर मार्गाने मिळालेला मजकूर वापरण्याचा सक्तीचा परवाना कंपन्यांना द्यावा आणि त्याबदल्यात हक्कधारकांना मानधन मिळावे, असा प्रस्ताव त्यात आहे. मानधनाचे तत्त्व स्वागतार्ह आहे. परंतु ते वाटणार कोणाला? मोठी वृत्तपत्रे, चित्रपटसंस्था आणि संगीतसंस्था आपला वाटा मोजून घेतील, यात शंका नाही. ज्या ऊसतोड मजुराच्या बोलीतून यंत्र मराठी शिकेल, त्याचा वाटा कोण मोजणार आणि कोठे जमा करणार? प्रत्येकाच्या हाती चार आणे ठेवणे शक्य नसेल, तर तो निधी गावोगावच्या ग्रंथालयांसाठी, देशी भाषांच्या कोशांसाठी आणि खुल्या ज्ञानसाठ्यांसाठी राखून ठेवता येईल. समाजाकडून घेतलेले समाजाकडे परत आले पाहिजे, ही मागणी पुढे करण्याचे काम समाजवाद्यांनी केले नाही, तर दुसरे कोणी करील असे दिसत नाही.

आता राहिला तो तिसरा, 'उघड्यावरचे ते सर्वांचे' म्हणणारा सहकारी. त्याचा हेतू निर्मळ असतो. मालमत्तेच्या हक्काविषयी त्याला जो तिटकारा आहे, तो समजण्यासारखा आहे. परंतु ज्याच्याजवळ शब्दाखेरीज दुसरी मालमत्ताच नाही, त्याचा शब्द न विचारता उचलणे म्हणजे समाजवाद नव्हे. टाटा-बिर्लांची गिरणी आणि विणकराचा हातमाग यांत जो फरक आहे, तोच कंपनीच्या ज्ञानसाठ्यात आणि एका बाईच्या कैफियतीत आहे. चळवळीच्या पुस्तिकांतून, भाषणांतून, अहवालांतून कष्टकऱ्यांचे शब्द नाव न सांगता वापरले जातात आणि त्यांवर पुढाऱ्याचे नाव लागते, हा अनुभव नवा नाही. ती चोरी लहान आहे म्हणून क्षम्य ठरत नाही.

त्याहून गंभीर धोका वेगळाच आहे. पन्नास ओळखीच्या माणसांत बोललेला शब्द पाच हजार अनोळखी माणसांत गेला, की त्याचे परिणाम बदलतात. जिने सहकाऱ्यांच्या वर्तुळात पर्यवेक्षकाविरुद्ध लिहिले, तिचे लिखाण नावानिशी छापून गावभर वाटले गेले, तर तिची नोकरी जाऊ शकते. नाव गाळले, तर तिचे लेखकपद जाते. यातील काय स्वीकारायचे, हे ठरवण्याचा अधिकार फक्त तिचा आहे, आणि तिला विचारल्यावाचून तो तिला बजावता येत नाही. कायद्यापुढे 'उचित' ठरणारा प्रत्येक वापर माणुसकीच्या दृष्टीनेही उचित असतोच, असे नाही. मंत्र्याचे विधान आणि मोलकरणीची तक्रार यांना कायदा एकाच मापाने मोजील. कार्यकर्त्याने मोजू नये. सत्ताधाऱ्याने जाहीरपणे उच्चारलेला शब्द न विचारता, तारखेसह, नावानिशी उद्धृत करावा. तो त्याला चिकटून राहिलाच पाहिजे. दुबळ्याचा शब्द मात्र पूर्णांशाने घ्यायचा असेल, तर आधी त्याच्या दाराशी जावे, त्याला वाचून दाखवावे, आणि तो नको म्हणाला तर परत यावे. टीकेसाठी घ्यायचे असेल, तर टीकेला लागेल तेवढेच घ्यावे आणि मागचा-पुढचा संदर्भ तोडू नये. पुस्तिकेतून पैसे उरले, तर त्यांचा हिशेब ज्यांच्या शब्दांवर ती उभी राहिली त्यांच्यापुढे ठेवावा.

हे पथ्य पाळणाऱ्यालाच कंपन्यांपुढे ताठ मानेने उभे राहता येईल. मग कायद्याकडून काय मागायचे, तेही स्पष्ट होते. उचित वापराच्या कलमाचा संकोच होता कामा नये. खोटी तक्रार करून मजकूर बंद पाडणाऱ्याला जबर भुर्दंड बसला पाहिजे, आणि तक्रारीची शहानिशा मजकूर उतरवण्यापूर्वी झाली पाहिजे. सामान्य माणसाकडून कायमचा आणि अपरिवर्तनीय परवाना लिहून घेणारी एकतर्फी कलमे वेठबिगारीच्या कराराप्रमाणे निरर्थक ठरवली पाहिजेत. सार्वजनिक चर्चेच्या घाऊक विक्रीतून मिळणाऱ्या उत्पन्नावर समाजाचा वाटा कायद्याने निश्चित झाला पाहिजे.

सावकाराच्या वहीवरचा अंगठा कूळ स्वतःच उठवत असे. वहीत काय लिहिले आहे, ते मात्र त्याला वाचता येत नसे. आजचा वाचता येणारा माणूसही करारनाम्याची पन्नास पाने न वाचता 'मान्य' या शब्दावर बोट ठेवतो. ती वही उघडून त्याला वाचून दाखवणे, हे काम एके काळी कार्यकर्त्याने गावोगाव केले होते. ते आता पुन्हा हाती घेतले पाहिजे.